प्रत्येक पानाला स्वतःची ओळख

संकेतस्थळावर माहिती उपलब्ध असणे आणि ती नागरिकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. परंतु प्रसिद्ध झालेले पान शोधयंत्राला ओळखताच आले नाही, तर या तरतुदीचा हेतू अपुरा राहतो.

समजा, रायपूरच्या चौबे कॉलनीतील एखादा रहिवासी मालमत्ता कराच्या सवलतीची अंतिम तारीख शोधत आहे. संबंधित संस्थेच्या सर्वच पानांना ‘मुखपृष्ठ’ हे एकच शीर्षक असेल, तर शोधाच्या यादीत त्याला एकसारख्या ओळी दिसतील. हवी ती सूचना कोणती, हे त्याला कळणार नाही.

पानाची ही ओळख त्याच्या शीर्षभागात असते. तेथील शीर्षक आणि मेटा टॅग वाचकाला पानावर दिसत नाहीत. पान कशाविषयी आहे, हे ते यंत्राला सांगतात. केंद्र शासनाच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही शीर्षक, वर्णन, कळशब्द आणि भाषा यांचा उल्लेख आहे. मात्र क्रमवारीसाठी कळशब्दांचा टॅग वापरत नसल्याचे गूगलने त्याच वर्षी स्पष्ट केले. त्यामुळे नेमके शीर्षक आणि वर्णन यांवरच भर देणे इष्ट ठरते.

हजारो पानांचे टॅग हाताने लिहिणे शक्य नाही. आशय व्यवस्थापन प्रणालीत सर्व पानांसाठी एकच साचा असतो आणि मजकूर डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. मागणी येताच सर्व्हरने प्रथम त्या सूचनेची नोंद काढावी, तिच्यातील विषय, तारीख व सारांश शीर्षभागात भरावा आणि मगच पान पाठवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. शीर्षभाग आधी रवाना झाला, तर नंतर हाती आलेली माहिती त्यात घालता येत नाही. ब्राउझरमध्ये मागाहून केलेला बदलही पुरेसा नसतो. संदेशांतून पाठवलेल्या दुव्याची झलक तयार करणाऱ्या अनेक प्रणाली जावास्क्रिप्ट चालवीत नाहीत.

देवनागरीसाठी आणखी दक्षता हवी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. सारांश बाइट मोजून तोडल्यास शेवटचे अक्षर विद्रूप होते. म्हणून तो शब्दाच्या सीमेवरच संपवावा. मजकुरातील अवतरणचिन्हे सांकेतिक रूपात बदलावीत, अन्यथा टॅग मध्येच तुटतो.

भाषेची नोंदही तितकीच आवश्यक आहे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा तेथे नांदतात आणि दोहोंची लिपी एकच. अशा ठिकाणी केवळ लिपीवरून भाषा ठरत नाही. पानाच्या आरंभीच ती घोषित केलेली असेल, तर दृष्टिबाधितांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडू शकते. सर्व्हरने हे मूल्यही नोंदीतूनच घ्यावे.

तथापि, तंत्र केवळ नोंदीत असलेलेच पुढे नेते. सारांशाचा रकाना रिकामा असल्यास सूचनेचे पहिले वाक्य वापरता येईल. पण ‘वरील विषयान्वये कळविण्यात येते की’ अशा आरंभातून नागरिकाला काहीच उमगत नाही. सूचना काढणाऱ्या अधिकाऱ्यानेच सोप्या भाषेत दोन वाक्यांचा सारांश लिहावा आणि त्याशिवाय प्रणालीने ती प्रसिद्धीसाठी स्वीकारू नये. एवढ्या छोट्या शिस्तीने शासनाची सूचना योग्य माणसापर्यंत मुदतीच्या आत पोहोचू शकेल.