बिकानेरी नरमा : सरकारी बीटी कपाशीच्या एका हंगामाची कथा

मालेगाव, नांदगाव, येवला या नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांत कपाशीचे बियाणे म्हणजे दरवर्षी दुकानातून आणायची पाकिटे, हे समीकरण इतके रुळले आहे की, सरकारी संस्थांनी तयार केलेले आणि घरची सरकी राखून पुन्हा पेरता येणारे बीटी, म्हणजे बोंडअळीरोधक जनुक घातलेले, वाण २००९ च्या खरिपात बाजारात आले होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. जालन्याच्या महिकोला मोन्सॅन्टोचे तंत्रज्ञान असलेल्या बीटी कपाशीसाठी मार्च २००२ मध्ये मिळालेली परवानगी आणि पुढे बियाण्याच्या दरावरून झालेले वाद हा इतिहास सर्वज्ञात आहे. येथे विचार करायचा आहे तो त्या सरकारी वाणाचा.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांच्या नावावर असलेल्या या वाणासाठी 'बिकानेरी नरमा' हे जुने सरळ वाण, म्हणजे संकरित नसल्यामुळे ज्याची सरकी दुसऱ्या वर्षीही तशीच उतरते असे वाण, निवडले गेले. कपाशीत बाहेरचे जनुक घालायचे तर ते सामान्यतः 'कोकर' या अमेरिकी वाणात घालून तेथून संकराने देशी लागवडीच्या वाणांत आणावे लागते. धारवाडच्या शास्त्रज्ञांनी मात्र कोंबाच्या टोकावरील पेशींमध्ये जिवाणूच्या साहाय्याने ते थेट घातल्याचे २००७ मध्ये 'करंट सायन्स'मधील निबंधात नोंदविले. या निवडीचा आणखी एक लाभ होता, कारण मराठवाड्यात गाजलेल्या नांदेड-४४ या संकरित कपाशीची मादी हेच बिकानेरी नरमा असल्याने, एका वाणात बीटी आले की दुसऱ्याचेही दार उघडणार होते. विद्यापीठीय संशोधनात अशी दूरदृष्टी क्वचितच दिसते, आणि म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक खटकते.

१९८९ च्या नियमांनुसार अशा पिकाला संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची आढावा समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाची 'जीईएसी' अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. जनुक गुणसूत्रावर नेमके ज्या जागी बसले ती जागा म्हणजे त्या वाणाची खूण. नियामक तिला 'इव्हेंट' म्हणतात आणि मंजुरी त्या खुणेलाच मिळते. बिकानेरी नरमाला ती २००८ मध्ये मिळाली. परंतु बियाण्यात मोन्सॅन्टोच्या 'मॉन ५३१' या इव्हेंटचे अस्तित्व आढळल्याने विक्री सुरू झाल्यापासून वर्षभरातच ती थांबवावी लागली, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने नेमलेल्या सुधीर सोपोरी समितीने २०१२ च्या अहवालात ते अस्तित्व मान्य केले.

सरमिसळ कोठे झाली, यावर पुष्कळ शाई खर्च झाली, पण खरा प्रश्न वेगळाच आहे. तिन्ही पायऱ्या ओलांडून बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत ही सरमिसळ रोखली गेली नाही, आणि हा दोष कोणा एका प्रयोगशाळेवर ढकलून नियामक व्यवस्थेला निर्दोष ठरविता येत नाही. मोठी विसंगती तर पुढे आहे: याच नागपूर संस्थेने नंतर 'सूरज', 'रजत' आदी सरळ वाणांत तोच मॉन ५३१ उघडपणे वापरला, कारण त्यावर भारतात पेटंटच नव्हते. मात्र तोवर गुजरातेत गुलाबी बोंडअळी मॉन ५३१ मधील जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे २०१० मध्येच जाहीर झाले होते. शेतकऱ्याला घरची बीटी सरकी मिळाली, पण उशिरा.

हा तपशील आज महत्त्वाचा ठरतो तो भातामुळे. बाहेरचे जनुक अंतिम रोपात न ठेवता पिकाच्याच जनुकांत फेरफार केलेल्या काही प्रकारच्या वाणांना मार्च २०२२ पासून जीईएसीच्या पायरीतून सूट आहे, आणि मे २०२५ मध्ये 'डीआरआर धान १००' व 'पुसा डीएसटी राइस १' ही सरकारी संस्थांची भाताची अशी दोन वाणे जाहीर झाली. सूट योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे बाहेरचे काही उरलेले नाही हे सिद्ध करण्याचा भार मुख्यतः संस्थेच्या आपल्याच समितीवर येतो, म्हणजे नागपूर-धारवाड प्रकरणात कच्च्या निघालेल्या पायऱ्यांपैकी पहिलीवरच. तेव्हा कृषी संशोधन परिषदेने या दोन वाणांच्या जनुकीय तपासणीची संपूर्ण कागदपत्रे, बियाणे गावोगाव पोहोचण्यापूर्वी, सर्वांना पाहता येतील अशी खुली करावीत.