क्वार्टरबॅकची हूल

4 डिसेंबर 2021 रोजी अमेरिकेतल्या शार्लट शहरात कॉलेज फुटबॉलचा एक मोठा सामना चालू होता. अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद पणाला लागलं होतं. एका बाजूला पिट्सबर्ग, दुसऱ्या बाजूला वेक फॉरेस्ट. पहिल्याच सत्रात पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट पास न देता चेंडू बगलेत मारून स्वतःच धावत सुटला. वेक फॉरेस्टचे बचावपटू त्याच्यावर झेपावणार, एवढ्यात त्याची पावलं आखडली, कंबर खाली गेली, आणि आता हा पाय पुढे टाकून जमिनीवर घसरणार असं दिसलं. बचावपटूंनी अंग आवरलं. पिकेट मात्र घसरला नाही. सावरून पुन्हा वेगात निघाला, थबकलेल्या खेळाडूंना मागे टाकून त्याने 58 यार्डांची धाव पुरी केली आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला. पिट्सबर्गने सामना 45-21 असा जिंकला, पण पुढचे काही दिवस लोक बोलत राहिले ते त्या अर्ध्या क्षणाबद्दल. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएचे पंच-समन्वयक स्टीव्ह शॉ यांनी लगोलग सूचना काढली: धावपटू घसरायला लागला, किंवा त्याने घसरण्याचं नुसतं सोंग केलं, तरी खेळ तिथेच थांबवावा. 2022 च्या हंगामापासून ही गोष्ट नियमपुस्तकातच आली.

हा नियम योग्य की अयोग्य, हा वाद अजूनही निघतो. त्यात शिरण्याआधी स्लाइड, म्हणजे हे घसरणं, ही काय भानगड आहे ते बघायला हवं, कारण अमेरिकन फुटबॉलमध्ये एरवी समोरच्याला आडवा पाडणं हेच बचावपटूचं काम असतं. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि पुढे काय करायचं ते तो ठरवतो. संघाची सगळी चाल त्याच्या डोक्यात असते, म्हणून तो जायबंदी झाला की संघाचा हंगामच बुडू शकतो. डॅलस काउबॉइजने 2024 मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी 6 कोटी डॉलरचा करार केला, यावरून या जागेची किंमत लक्षात यावी. असा माणूस चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात धावायला लागला की त्याला चिरडायची संधी समोरच्यांना मिळते. त्यावर तोडगा म्हणून व्यावसायिक फुटबॉलने, म्हणजे एनएफएलने, 1985 मध्ये एक सवलत दिली. धावपटूने पाय पुढे करून जमिनीवर अंग टाकलं तर त्याने स्वतःहून हार मानली असं धरायचं, चेंडू तिथेच मृत समजायचा, म्हणजे खेळ तिथेच थांबवायचा. त्याला आणखी चार यार्ड मिळाले असते, ते तो सोडून देतो. त्या बदल्यात कोणी त्याला आदळायचं नाही. ही सरळ देवघेव आहे, आणि पुढचा सगळा वाद या देवघेवीचा आहे.

हूल देण्याच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो असा, की हा खेळच मुळी फसवणुकीचा आहे. ते खरंही आहे. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटात कोंबल्यासारखं करतो आणि काढून घेऊन पास फेकतो. पास फेकण्यासाठी हात मागे नेतो आणि फेकतच नाही. चेंडू घेण्याआधी आवाज चढवून समोरच्यांना वेळेआधीच उडी मारायला लावतो. सगळ्यात गाजलेली हूल डॅन मरीनोची. 27 नोव्हेंबर 1994 रोजी मायामी डॉल्फिन्सचा संघ न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध मागे होता आणि सामन्याची शेवटची काही सेकंदं उरली होती. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि लगेच जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतो. मरीनोने ओरडून, हातवारे करून आपण तेच करणार असं भासवलं, जेट्सचे खेळाडू क्षणभर सैल पडले, आणि त्याने चेंडू सरळ मार्क इन्ग्रमकडे फेकून टचडाउन मिळवला. मायामी 28-24 ने जिंकलं. त्या चालीचं आजही कौतुक होतं, आणि ती आजही नियमात बसते. योगायोग असा की मरीनो पिट्सबर्ग विद्यापीठाचाच खेळाडू, आणि पिकेटने त्याचे तिथले विक्रम मोडले ते याच 2021 च्या हंगामात. मग मरीनोची हूल ती चतुराई आणि पिकेटची ती लबाडी, हा कुठला न्याय?

माझ्या मते उत्तर हूल देणाऱ्याकडे बघून मिळत नाही. ते हूल खाणाऱ्याकडे बघून मिळतं. मरीनोसमोरच्या जेट्सच्या खेळाडूंना कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. मरीनो चेंडू आपटणार असं त्यांना वाटलं तरी त्याच्यावर धावून जायला आणि इन्ग्रमला चिकटून राहायला त्यांना पूर्ण मुभा होती. ते सैल पडले ते स्वतःच्या अंदाजाने, आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत मोजणं हा खेळाचाच भाग. वेक फॉरेस्टच्या बचावपटूंचं तसं नव्हतं. समोरचा घसरतो आहे असं दिसल्यावर थांबणं हा त्यांचा अंदाज नव्हता, ती त्यांच्यावरची सक्ती होती. कॉलेज फुटबॉलमध्ये पाय पुढे करून घसरणारा धावपटू असहाय समजला जातो. त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर जोराचा आघात केला तर संघाला 15 यार्डांचा दंड बसतो, खेळाडूला त्या सामन्यातून बाहेर काढतात, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे गुन्हा दुसऱ्या अर्धात झाला असेल तर पुढच्या सामन्याच्या पहिल्या अर्धालाही तो मुकायचा. म्हणजे नियमानेच बचावपटूचे हात बांधायचे आणि त्याच बांधलेल्या हातांचा फायदा समोरच्याला घेऊ द्यायचा, असा हा प्रकार होतो. याला चकवा म्हणता येणार नाही, कारण चकव्यात समोरच्याला चूक न करण्याची संधी असते.

या खेळाने हे तत्त्व स्लाइडच्या फार आधी मान्य केलेलं आहे. उंच लाथाडलेला चेंडू झेलायला उभा असलेला खेळाडू आकाशाकडे बघत असतो, त्याला अंगावर येणारे दिसत नाहीत. म्हणून त्याला डोक्यावर हात उंचावून हलवण्याची सोय आहे: मी चेंडू फक्त झेलणार, पळणार नाही, मला हात लावू नका. याला फेअर कॅच म्हणतात. आता एखाद्याने हात हलवून समोरच्यांना थांबवलं आणि चेंडू झेलून पळ काढला तर? तशी मुभाच नाही. झेल घेतला की चेंडू मृत. यावर कोणी ओरडत नाही की खेळातली कल्पकता मारली. गुडघा टेकून घड्याळ संपवण्याच्या चालीचंही तेच: कॉलेजच्या नियमात गुडघा टेकल्याचं सोंग केलं तरी चेंडू मृतच धरतात. ज्या खुणेमुळे समोरच्याला हात आखडावा लागतो, ती खूण खोटी करता येत नाही, हा जुनाच दंडक आहे. स्लाइड तेवढी त्याच्या बाहेर राहून गेली होती. कॉलेजच्या नियमात धावपटू घसरायला सुरुवात करतो तेव्हा चेंडू मृत, असं होतं. खोटी सुरुवात ही सुरुवात मानायची का, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण असं कोणी करेल हे बहुधा सुचलंच नव्हतं. म्हणून पिकेटला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशीच्या नियमांप्रमाणे त्याचा टचडाउन चोख होता आणि तो तसाच राहिला.

खोट्या स्लाइडचा खरा तोटा पुढच्या सामन्यात होतो. बचावपटूच्या जागी उभं राहून बघा. शंभर किलोच्या आसपासचा माणूस पूर्ण वेगात येतो आहे, पाडण्यासाठी त्याने खांदा आधीच खाली घेतला आहे, आणि समोरचा अचानक घसरतो. घसरताना त्याचं डोकं नेमकं तिथे येतं जिथे क्षणापूर्वी त्याचं पोट होतं. 26 ऑक्टोबर 2017 रोजी मायामीच्या किको अलोन्सोचा खांदा असाच घसरणाऱ्या क्वार्टरबॅक जो फ्लॅकोच्या डोक्यावर आदळला आणि फ्लॅकोच्या मेंदूला मार बसला. 1 डिसेंबर 2024 रोजी ह्यूस्टनच्या अझीझ अल-शाइरने जॅक्सनव्हिलच्या ट्रेव्हर लॉरेन्सला घसरताना कोपराखालच्या हाताने आदळलं. लॉरेन्स मैदानावर मुठी आवळून निपचित पडला, त्याला गाडीवरून न्यावं लागलं. अल-शाइरला सामन्यातून काढलं आणि वर तीन सामन्यांची बंदी, तीही बिनपगारी. त्याने नंतर माफी मागितली. लॉरेन्स घसरतो आहे हे वेळेत दिसलं नाही असंही म्हटलं. ते खरं मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण दोन्ही प्रसंग एक गोष्ट सांगतात. स्लाइडचं सगळं संरक्षण बचावपटूच्या मनातल्या एका विश्वासावर उभं आहे: हा घसरतोय, म्हणजे नक्की घसरतोय. त्या विश्वासाला तडा गेला, दर दहा स्लाइडमधली एखादी खोटी निघू लागली, तर प्रशिक्षक बचावपटूंना काय शिकवतील? शंका आली तरी आदळा. मग मार खाणारा पिकेट नसेल. पुढच्या आठवड्यात प्रामाणिकपणे घसरणारा दुसराच कोणी तरी असेल.

यावर जुन्या खेळाडूंचं ठेवणीतलं उत्तर असतं की शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, लहानपणापासून हेच शिकवतात, वेक फॉरेस्टची पोरं का थांबली? ऐकायला हे चोख वाटतं. पण स्लाइडच्या बाबतीत शिट्टी घसरण्याच्या मागून येते. शिट्टीपर्यंत खेळणारा बचावपटू शिट्टी ऐकू येईपर्यंत कधीच डोक्यावर आदळलेला असतो, आणि तेव्हा पंच त्याला सांगत नाहीत की शाब्बास, शिट्टीपर्यंत खेळलास. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धावपटू दिशा बदलताना, पाऊल घसरून तोल सावरताना, समोरच्याला चुकवण्यासाठी वेग कमी करतानाही खाली वाकतोच. यातलं सोंग कोणतं आणि साधी कसरत कोणती, हे पंचाने कसं ठरवायचं?  हा आक्षेप खोडून काढता येत नाही, पण त्याची धार कमी करता येते, आणि कॉलेजच्या नियमाने ती केली आहे. तिथे खोट्या स्लाइडला दंड नाही, यार्ड कापले जात नाहीत. फक्त खेळ त्या जागी थांबतो. त्यामुळे पंचाला मनातला हेतू शोधावा लागत नाही. शरीराने काय दाखवलं एवढंच बघायचं. कधीमधी चूक होईल आणि एखादी चांगली धाव उगाच अडवली जाईल. त्याची किंमत काही यार्ड. उलट बाजूच्या चुकीची किंमत मैदानावर गाडी आणावी लागण्याइतकी असू शकते.

आपल्या वाचकांना क्रिकेटचं उदाहरण जवळचं वाटेल. 2017 च्या ऑक्टोबरपासून क्रिकेटच्या नियमांत फलंदाजाला मुद्दाम फसवणाऱ्या क्षेत्ररक्षकाला पाच धावांचा दंड आला, आणि ऑस्ट्रेलियात तर मार्नस लाबुशेनला महिना उजाडण्याआधीच, सप्टेंबरच्या अखेरीस, त्याचा प्रसाद मिळाला: चेंडू हाती नसताना त्याने फेकल्याचा आविर्भाव केला होता. पण हे उदाहरण पुरतं जुळत नाही. क्षेत्ररक्षकाने खोटी फेक केली तरी फलंदाजाला पळायला कोणी मनाई केलेली नसते. धोका पत्करायचा की नाही हे त्याचं तो ठरवतो. म्हणजे मरीनोच्या मापाने मोजलं तर क्रिकेटचा हा नियम अमेरिकन फुटबॉलपेक्षा कडक आहे, आणि माझ्या मते जरा जास्तच कडक. गुगली चालते, मनगट फिरवून फलंदाजाला बनवणं चालतं, मग चेंडूशिवायची फेक का नको, हा प्रश्न क्रिकेटमध्ये विचारता येतो. स्लाइडच्या बाबतीत तसा प्रश्नच उरत नाही.

काहींना हे सगळं लाडावणं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की संरक्षणच काढून टाका. क्वार्टरबॅक धावला तर इतर धावपटूंसारखाच मार खाईल, हूल द्यायची तर देईल. या भूमिकेत निदान विसंगती नाही, हे मान्य करायला हवं. संरक्षण नसेल तर हूलही न्याय्य ठरते. पण मेंदूच्या दुखापतींमुळे निवृत्त खेळाडूंनी एनएफएलवर केलेल्या दाव्यांतून 2015 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीची भरपाई एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. त्यानंतर डोक्यावरचे आघात वाढवणारा बदल कोणी करेल हे शक्य दिसत नाही, आणि करूही नये. संरक्षण राहणार असेल तर ते घेणाऱ्यावर अटही राहायला हवी.

ही अट पिकेटच्या हुलीपुरती संपत नाही. एनएफएलच्या नियमात एक फट आहे. धावपटू घसरायला लागला की बचावपटूने आवरतं घ्यायचं असतं, पण चेंडू मृत होतो तो हात-पाय सोडून शरीराचा दुसरा भाग जमिनीला टेकला की. या दोन क्षणांच्या मधल्या जागेत बचावपटू बांधलेला असतो आणि धावपटू मोकळा. मुद्दाम उशिरा घसरणारे क्वार्टरबॅक याच जागेत खेळतात. शक्य तितके यार्ड ओढायचे, बचावपटू अंगावर आल्यावर खाली जायचं, आणि धक्का लागला की पंचांकडे बघायचं. 18 जानेवारी 2025 रोजी कॅन्सस सिटीत पॅट्रिक महोम्स असाच उशिरा घसरला, ह्यूस्टनचे दोन बचावपटू त्याच्यापेक्षा एकमेकांवरच जास्त आदळले, तरी दंड ह्यूस्टनलाच बसला. समालोचन करत असलेल्या ट्रॉय एकमननेही, जो स्वतः नावाजलेला क्वार्टरबॅक होता, त्या निर्णयावर उघड नाराजी दाखवली. समोरचा अगदी अंगावर येण्याआधी स्लाइड सुरू केली तरच संरक्षण मिळेल, असं एनएफएलच्या नियमात लिहिलेलं आहे. पंचांनी ते वाक्य शब्दशः लावायला घेतलं, आणि नियमाने घसरण्याच्या सुरुवातीलाच, खरी असो वा खोटी, चेंडू मृत धरला, तर बचावपटूने थांबण्याचा क्षण आणि खेळ थांबण्याचा क्षण एकच होईल.