नोटीस बोर्डावरची समिती

नोटीस बोर्ड आपण दोनच वेळा नीट वाचतो. एक, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली की, आणि दुसरं म्हणजे मेसचं बिल वाढलं की! त्याच बोर्डाच्या कोपऱ्यात 'अंतर्गत तक्रार समिती' असा एक कागद टाचलेला असतो. परवा माझी रूममेट त्याच्यासमोर उभी राहून विचारत होती, "काय वं, ही समिती करते तरी काय? नावंच नावं दिसून राहिली!"

प्रश्न बरोबर होता. म्हणून थोडं वाचलं, ते इथे सांगते. हे जितकं आपल्यासाठी आहे, तितकंच ऑफिसमधल्या, लॅबमधल्या आणि मेसमधल्या मंडळींसाठीही.

याची सुरुवात झाली राजस्थानात. भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायची. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचं, पण काम करताना बाईचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हतं. ऑगस्ट 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि प्रत्येक कचेरीत तक्रार समिती हवी, असं ठरलं. खास कायदा यायला 2013 उजाडलं. पुढे उच्च शिक्षणासाठी यूजीसीने 2015 चे नियम केले, आणि तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांसाठी एआयसीटीईने 2016 चे.

असो. इतिहासापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते गोवा विद्यापीठाचं प्रकरण.

2009 मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समिती बसली, चौकशी झाली, विद्यापीठाने त्यांना नोकरीतून काढलं. मुंबई उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. संपलं, असं कुणालाही वाटेल. पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तक्रारी खोट्या होत्या म्हणून नव्हे, तर समितीने चौकशी फार घाईत उरकली म्हणून. त्या प्राध्यापकांनी आजारपणाचं कारण देऊन मुदत मागितली होती. समितीने एकतर्फी चौकशी पुढे रेटली आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण परत समितीकडे, 2009 च्या टप्प्यावर. 14 वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून!

जरा विचार करा, त्या मुलींचं काय? शिकून, नोकरीला लागून, संसारात रमून गेल्या असतील. आता पुन्हा साक्ष द्यायला यायचं? समितीने त्यांच्या बाजूने कळकळ दाखवली, पण त्या कळकळीनेच त्यांचं नुकसान झालं. आपल्याकडे 'प्रोसिजर' म्हटलं की लोक नाक मुरडतात. इथे मात्र तीच तक्रारदाराची ढाल होती.

ही चौकशी एवढी काटेकोर का लागते? कारण 2004 च्या आदेशापासून समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल मानला जातो. त्याच्या जोरावर माणसाची नोकरी जाऊ शकते. म्हणून आरोप काय ते समोरच्याला लेखी कळलं पाहिजे, जबाब आणि कागद त्याला मिळाले पाहिजेत, उत्तराला वेळ मिळाला पाहिजे. मात्र समितीपुढे वकील कुणालाच आणता येत नाही. कर्मचाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं.

तक्रार लेखी हवी, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम. चौकशी 90 दिवसांत, त्यानंतर 10 दिवसांत अहवाल, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे त्यावर 30 दिवसांत कारवाई. तडजोड फक्त तक्रारदार बाईने मागितली तरच, आणि तीही पैसे देऊन नाही. आणखी एक. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली, असं कायदा म्हणत नाही.

समितीत कोण असावं हेही ठरलेलं आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, शिक्षकेतर कर्मचारी हवेत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीसुद्धा. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना त्यात जागा नाही. एका कॉलेजच्या (नाव कशाला घेऊ!) बोर्डावर मी अशा मॅडमचं नाव वाचलं, ज्या दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेल्या होत्या. तक्रार घेऊन जाणारी मुलगी कुणाचं दार वाजवणार?

'कॅम्पस' म्हणजे फक्त वर्ग नाही बरं का. हॉस्टेल, मेस, कँटीन, कॉलेजची बस, इंडस्ट्रियल व्हिजिट, सगळं आलं. कंत्राटदाराकडून आलेली स्वयंपाकाची मावशी आणि झाडणारी ताई यांनाही हाच कायदा लागू आहे.

आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, म्हणजे गावातली खानावळ, झेरॉक्सचं दुकान, छोटा क्लास, तिथल्या बाईने कुठे जायचं? त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तरी तिथेच जायचं. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून त्यासाठी गोंदियाची गाडी पकडायची गरज नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. तक्रार त्याच्याकडे द्यायची, आणि त्याने ती 7 दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची.