नवीन ट्रॅक्टर सदोष निघाल्यास काय करावें ?

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्याला चालवून पाहतों, चार जाणत्यांस विचारतों आणि मगच इसार देतों. परंतु त्याहून कितीतरी अधिक किंमतीचा ट्रॅक्टर घेतांना पुष्कळ शेतकरी हमीपत्र न वाचतांच कर्जाच्या कागदांवर सह्या करतात.

आमच्या माहितीतील एका गृहस्थांच्या नव्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक पहिल्याच हंगामांत नांगर उचलीनाशी झाली. विक्रेत्याचा मिस्त्री चार वेळां येऊन गेला. दर वेळीं काम तात्पुरतें झालें व बोलणें तोंडींच राहिलें. पेरणीचा वापसा निघून गेला, भाड्याच्या ट्रॅक्टरास पैसे पडले आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहिला. अखेर ते दाद मागावयास निघाले, तेव्हां हातीं एकही कागद नव्हता आणि कायद्याची मुदतही टळून गेली होती. असा प्रसंग आपणांवर येऊं नये म्हणून पुढील माहिती देत आहों.

सन २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम जुलै २०२० पासून अमलांत आहे. व्यापारी हेतूनें वस्तु घेणारा या कायद्यानें ग्राहक ठरत नाहीं. परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठींच ती घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. बियाण्याच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं शेतकऱ्यास ग्राहक मानलें आहे. मात्र अनेक ट्रॅक्टर घेऊन ते भाड्यानें फिरविणाराविरुद्ध व्यापारी हेतूची हरकत निघण्याचा संभव असतो.

वस्तूची दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. विक्रेता परजिल्ह्यांतला असला तरी आपण राहतों त्याच जिल्ह्यांत ती दाखल करतां येते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. त्यापुढें १० लाखांपर्यंत २०० रुपये पडतात. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांचे आंत अर्ज झाला पाहिजे. उशिरास सबळ कारण असेल तरच आयोग तो माफ करूं शकतो. दोष दूर करून देणें, वस्तु बदलून देणें, किंमत परत करणें व नुकसानभरपाई देणें असे हुकूम आयोगास करतां येतात.

परंतु प्रत्येक बिघाडास नवा ट्रॅक्टर मिळेल अशी समजूत करून घेऊं नये. एका मोटारीच्या प्रकरणांत हमीपत्रांत केवळ सदोष भाग बदलून देण्याची अट होती. म्हणून सबंध गाडी बदलून देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं रद्द केला व ग्राहकास कांहीं रक्कम देवविली. दोष मूळ बनावटींतलाच आहे हें बहुधा तज्ज्ञाच्या अहवालानें सिद्ध करावें लागतें.

म्हणून प्रथमपासून पुढील दक्षता घ्यावी :

(१) हमी किती महिने वा किती तास, यांपैकी आधीं काय संपतें, तें वाचावें. टायर व बॅटरी यांची हमी पुष्कळदां निराळी असते.

(२) ठरलेल्या तासांची सर्व्हिस चुकवूं नये आणि हमीच्या मुदतींत बाहेरच्या मिस्त्रीकडून यंत्र उघडूं नये.

(३) प्रत्येक दुरुस्तीचें जॉबकार्ड घ्यावें. त्यावर तारीख, चाललेले तास व आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून प्रत जवळ ठेवावी.

(४) तोच दोष पुनः उद्भवल्यास विक्रेता व कारखानदार या दोघांसही रजिस्टर टपालानें लेखी कळवावें.

(५) भाड्याच्या ट्रॅक्टरास दिलेल्या पैशांच्या पावत्या जपाव्या; भरपाई मागतांना त्याच कामीं येतात.

सल्ल्यासाठीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो. सातबाराचा उतारा आपण ज्या काळजीनें जपतों, त्याच काळजीनें ट्रॅक्टरचें बिल, हमीपत्र व जॉबकार्डें एका पिशवींत बांधून ठेवावीं, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे.