छत्राची घंटा, जहाजाचा भोंगा

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. रामेश्वराच्या वाटसरूंसाठी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने १८०२ मध्ये बांधलेलं छत्र, म्हणजे अन्नदानाची धर्मशाळा, याच गावात आहे. अशा छत्रांचा कारभार कसा चाले, हे राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्राने कळवलं होतं. त्यातला एक तपशील मोठा गोड आहे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मग घंटा वाजवून पुकारा व्हायचा, की कुणाचं जेवण राहिलं असेल तर त्याने यावं. म्हणजे घंटा होती ती उशिरा येणाऱ्यासाठी.

आजचा वाटसरू ओरत्तनाडुहून मन्नारगुडी, तिरुवारूर करत नागपट्टिणमला पोचला, की पुढे समुद्रही ओलांडू शकतो. नागपट्टिणम ते श्रीलंकेतलं कांकेसंथुरै ही फेरी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. पावसाळी वाऱ्यांमुळे काही दिवसांतच ती थांबली आणि १६ ऑगस्ट २०२४ पासून ‘शिवगंगै’ जहाजाने पुन्हा सुरू झाली. मुंबई आणि चेन्नईहून क्रूझ जहाजंही सुटतात. पण आपण प्रवासी मनाने अजून छत्रातलेच. कधीही यावं, कुठेही पथारी टाकावी, अंगणात जाऊन विडी ओढावी. जहाजाला अंगण नसतं. तिथले बहुतेक गैरसमज आणि बहुतेक भांडणं एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

गैरसमज : तिकीट हातात आहे, सुटायच्या पाच मिनिटं आधी पोचलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला लाँच पकडायची सवय असलेल्यांचा हा समज. क्रूझचं चेक-इन साधारणपणे जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. हा कंपनीचा तोरा नव्हे. जहाजांच्या सुरक्षिततेसाठी ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार प्रवासी जहाज सुटण्याआधी त्यावरची माणसं मोजावी लागतात आणि लांबच्या प्रवासात नावांची नोंद किनाऱ्यावरही ठेवावी लागते. उद्या काही बिघडलंच, तर शोधणाऱ्यांना किती जणांना आणि कुणाला शोधायचं हे ठाऊक हवं. यादी बंद झाल्यावर धावत आलेला माणूस म्हणजे हिशेबात नसलेला माणूस. मुंबईच्या इंदिरा गोदीतल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिथे चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर आहेत, तरीही हजारभर माणसं एकाच वेळी आली तर रांग लागणारच. म्हणून बऱ्याच कंपन्या प्रत्येकाला येण्याची वेळ ठरवून देतात. त्याच्या फार आधी जाण्यातही शहाणपण नाही.

गैरसमज : एवढासा तर प्रवास, आधार कार्ड पुरे.

वस्तुस्थिती : अंतरावर काही नसतं, किनारा कुणाचा यावर असतं. नागपट्टिणमहून कांकेसंथुरै सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे चेन्नईपेक्षा कितीतरी जवळ. पण तो परदेश. पासपोर्ट आणि श्रीलंकेची प्रवेश परवानगी लागणारच. मुंबई–गोव्यासारख्या देशांतर्गत फेरीत सरकारी फोटो ओळखपत्र चालतं, मात्र मूळ प्रत सोबत ठेवावी आणि लहान मुलांचाही कागद विसरू नये.

खरी अडचण नावाची होते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन खणांची रीत. तमिळनाडूत आद्याक्षर आणि नाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही हीच आद्याक्षरं रुळली आहेत. तिकिटावर एक, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर बदललेलं तिसरंच, असं झालं की काउंटरवरचा माणूस काहीच करू शकत नाही. बुकिंग करतानाच पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवावं.

गैरसमज : बॅगा तपासतात त्या फक्त दारूच्या बाटल्यांसाठी.

वस्तुस्थिती : बाटल्या शोधतातच. पण इस्त्री, पाण्याची विजेची किटली, शेगडी, मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर हेही काढून ठेवतात. ‘केबिनमध्ये नुसतं निरांजन लावलं तर काय बिघडतं?’ असं आपल्याकडचं वडीलधारं माणूस हमखास विचारतं. उत्तर एकच, आग. शहरात बंब पाच-दहा मिनिटांत येतो, समुद्रात तो यायचाच नाही. आग विझवायची ती जहाजावरच्याच माणसांनी.

आणखी एक. धक्क्यावर हमालाकडे दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला काही तास लागू शकतात. पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि लेकरांचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत असू द्यावेत.

गैरसमज : सेफ्टी ड्रिल म्हणजे उपचार, चुकवली तरी चालते.

वस्तुस्थिती : १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चिविटावेक्किया बंदरात शेकडो नवे प्रवासी चढले होते आणि त्यांची कवायत अजून व्हायची होती. तेव्हाच्या नियमाने ती २४ तासांत उरकली तरी भागत असे. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी होते. आपली जमण्याची जागा कुठली, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, एवढंच त्यात शिकवतात. त्याला फार वेळ लागत नाही.

गैरसमज : बाल्कनीचे पैसे मी भरलेत, तिथे ओढलं तर कुणाचं काय जातं?

वस्तुस्थिती : २३ मार्च २००६ रोजी पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज जमैकाच्या दिशेने चाललं होतं. एका बाल्कनीत आग लागली आणि काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर चढली. बाल्कन्यांमधली आडभिंत आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, वारा जोराचा होता. शेकडो केबिन्सना झळ लागली, एक प्रवासी दगावला. ब्रिटिश तपास यंत्रणेने सर्वांत संभाव्य कारण दिलं ते फेकलेल्या सिगारेटच्या थोटकाचं. त्यानंतर बाल्कन्यांमधल्या सामानाचे आणि आग ओळखणाऱ्या यंत्रणेचे नियम जगभर कडक झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी बाल्कनीतलं धूम्रपानच बंद केलं. आज केबिनमध्ये ओढलेलं सापडलं, तर मोठ्या परदेशी कंपन्या अडीचशे ते पाचशे डॉलर साफसफाईचे म्हणून बिलात लावतात.

थोटूक समुद्रात भिरकावणं हाही इलाज नव्हे. चालत्या जहाजाचा वारा ते खालच्या बाल्कनीत आणून टाकू शकतो. शिवाय सिगारेटचा फिल्टर एक प्रकारचं प्लॅस्टिकच असतो आणि जहाजावरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे.

गैरसमज : मोकळा समुद्र आहे, धूर उडून जातो.

वस्तुस्थिती : उडून जातो तो मागच्या बाल्कनीत. जहाज पुढे जात असतं, त्यामुळे हवा बहुधा मागे वाहते आणि पुढे ओढणाऱ्याचा धूर मागे बसलेल्याच्या चहात उतरतो. आतलं चित्र आणखी वाईट. कॅसिनोत धूम्रपानाला मुभा असली, तर धूर जिन्यांनी आणि कॉरिडॉरनी शेजारच्या मजल्यांवर पसरतो. एसी गारवा देतो, पण धुरातले घातक कण पुरते काढू शकत नाही. दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी मात्राच नसते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट केलं आहे.

मग जहाजं पूर्ण धूरमुक्त का करत नाहीत? एकाने करून पाहिलं. कार्निव्हल कंपनीचं ‘पॅराडाइज’ १९९८ मध्ये संपूर्ण धूरमुक्त म्हणून निघालं. सिगारेट सापडली की दंड आणि पुढच्या बंदरात उतरवणी. २००४ मध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला, कारण न ओढणारी मंडळी बार आणि कॅसिनोवर हात आखडून खर्च करत. तेव्हापासून तडजोड चालू आहे. ठरावीक डेकवर, बहुधा एकाच बाजूला, ओढायला कोपरा दिलेला असतो. ओढणाऱ्याने तो शोधावा. न ओढणाऱ्याने बुकिंगच्या वेळीच जहाजाचा नकाशा पाहून त्या कोपऱ्यापासून आणि कॅसिनोपासून दूरची केबिन घ्यावी.

गैरसमज : किनारा सुटला की कायदा सुटला.

वस्तुस्थिती : किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, भारताचा प्रादेशिक समुद्र असतो. त्यापलीकडे खुल्या समुद्रात ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. मात्र भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. धुराचं म्हणाल, तर २००३ चा आपला तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक वाहनांनाही सार्वजनिक जागा मानतो. तिथे ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

‘व्हेपची नुसती वाफ असते’ ही पळवाटही खोटी. ई-सिगारेटची विक्री, साठा, आयात आणि वाहतूक भारतात २०१९ पासून बंद आहे आणि जहाज कंपन्या बहुधा व्हेपला सिगारेटचेच नियम लावतात. तंबाखू मळणाऱ्यांना धूर होत नाही, पण पिचकारी मारायला जहाजावर कोपरा नाही.

गैरसमज : तक्रार करून काही होत नाही, आपणच शेजाऱ्याला झापावं.

वस्तुस्थिती : शेजाऱ्याशी भांडण म्हणजे उरलेले तीन दिवस त्याच लिफ्टमध्ये तेच तोंड. केबिनमधल्या फोनवरून गेस्ट सर्व्हिसला वेळ, मजला आणि केबिन क्रमांक सांगा. धूर येतच राहिला, तर लेखी तक्रार करून खोली बदलून मागा. चालक दल अशी तक्रार किरकिर म्हणून घेत नाही. त्यांच्या लेखी भलत्या जागचा धूर म्हणजे आगीची वर्दी.

सरफोजीराजांच्या छत्रातली घंटा सांगायची, अजून वेळ गेलेली नाही, या. जहाजाचा भोंगा वेगळं सांगतो. सात आखूड आणि एक लांब, असा वाजला की हातातलं टाकून आपल्या ठरल्या जागी जायचं. ती जागा कुठली, हे ज्याला त्या क्षणी शोधावं लागणार नाही, त्याने चढतानाची रांग आणि कवायत कारणी लावली. पुढच्या वेळी रांगेत पाय दुखले किंवा खिशातलं लायटर काढून घेतलं, तर चिडण्याआधी एवढं आठवा : तुमच्यासारखीच हजार माणसं त्या एका छपराखाली झोपणार आहेत.