मातेचे गुण, मातेचेच दोष
वनस्पती व प्राणी यांच्या प्रतिरूपांचे शास्त्र आणि त्यासंबंधीचा विवेक

पुणे जिल्ह्यात उसाच्या लागणीचे दिवस आले, म्हणजे मळ्यामळ्यांतून बेणे तोडण्याचे काम सुरू होते. निरोगी ऊस निवडावयाचा, त्याच्या दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करावयाच्या आणि त्या सरीत दाबावयाच्या, हे काम आपल्या शेतकऱ्याच्या हाती इतके बसलेले आहे, की त्यामागे काही शास्त्र आहे हे त्याच्या मनातही येत नाही. परंतु टिपरीच्या डोळ्यातून फुटणारा कोंब हा मूळ उसाचे अपत्य नसून त्याच उसाचा पुढे वाढलेला अंश असतो. शास्त्रज्ञ अशा रोपास ‘क्लोन’ म्हणतात. आपण त्यास प्रतिरूप म्हणू. हर्बर्ट वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ साली हा शब्द सुचविला. ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला, त्याचा अर्थ ‘डहाळी’ असा आहे. मेंढीच्या किंवा म्हशीच्या प्रतिरूपाची वार्ता ऐकून ज्यांना आश्चर्य वाटते, त्यांनी प्रथम आपल्या बांधावरील कलमी आंब्याकडे पाहावे.

बी आणि डोळा

बियांपासून होणाऱ्या रोपात नर व मादी या दोहोंचे गुण एकत्र येतात आणि प्रत्येक बीमध्ये त्यांची मांडणी निराळी असते. म्हणूनच एका आंब्याच्या दहा कोयी लावल्या, तर बहुधा दहा तऱ्हेचे आंबे मिळतात. टिपरी, कलम, गुटी किंवा केळीचा मुनवा यांत अशी सरमिसळ होत नाही. जशी माता, तसे रोप. या पद्धतीचा मोठा लाभ हाच, आणि तिच्यातील धोकाही हाच होय. मातेचे गुण जसे प्रत्येक रोपात उतरतात, तसेच तिचे दोषही उतरतात.

गणेशखिंडीतील एक झाड

या गोष्टीचे उत्तम उदाहरण पुणे शहरातच घडले आहे. गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी या स्थानिक डाळिंबाच्या रोपांची पाहणी करून १९३६ साली त्यांतून एक झाड निवडले. आळंदी वाणाचे दाणे रसाळ व गोड, पण बी कठीण. निवडलेल्या झाडाचे बी मऊ होते आणि फळही चांगले लागत असे. पुढे १९७० साली या वाणास ‘गणेश’ हे नाव मिळाले. त्याच्या गुटी कलमांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, नाशिक, सांगली अशा कमी पावसाच्या भागांतील बागा उभ्या राहिल्या. त्यांतील गणेशचे प्रत्येक झाड हे त्या एकाच झाडाचा अंश होय. सरदार या नावाने प्रसिद्ध असलेला लखनौ-४९ हा पेरूही याच गणेशखिंडीत निवडला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गणेश वाण पसरला तो कलमांमुळे. परंतु तो सापडला तो बियांपासून वाढलेल्या, परस्परांहून भिन्न अशा रोपांमध्ये. निवडण्यास विविधता नसती, तर कलमे बांधण्याजोगे झाडही हाती लागले नसते. प्रतिरूप चांगल्या झाडाची संख्या वाढविते. नवे चांगले झाड निर्माण करीत नाही.

काचेच्या बाटलीतील रोप

जे काम शेतकरी कोयत्याने व चाकूने करीत आला, तेच प्रयोगशाळेत अधिक सूक्ष्म प्रमाणावर करता येते. यास ऊतिसंवर्धन म्हणतात. वनस्पतीच्या शेंड्याचा अगदी लहानसा तुकडा घेऊन तो निर्जंतुक करतात आणि साखर, क्षार व वाढीची द्रव्ये असलेल्या खाद्यावर बाटलीत ठेवतात. त्यातून अनेक फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा वाढवितात. अशा रीतीने थोड्या अवधीत एका मातेपासून हजारो रोपे होतात. नंतर त्यांना मुळे आणवून, हरितगृहात बाहेरच्या हवेची सवय लावून, ती शेतात देतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर आरंभापासूनच मोलाचे काम झाले. तेथील शास्त्रज्ञांनी १९८० साली सागाची रोपे या पद्धतीने वाढविल्याचे प्रसिद्ध केले. ज्या बांबूस निसर्गात फुलोरा येण्यास अनेक दशके लागतात, त्यास बाटलीतच फुले व बी आणण्यातही त्यांना यश आले. ते काम १९९० साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. मांजरी बुद्रुक येथील वसंतदादा साखर संस्था ऊतिसंवर्धित उसाची रोपे तयार करून बेणेमळ्यांसाठी देते.

ऊतिसंवर्धनाने वाण बदलतो किंवा त्यात परके जनुक घातले जाते, असा काहींचा समज आहे. तो बरोबर नाही. रोप मूळ वाणाचेच राहते. मात्र एकाच तुकड्यापासून फार वेळा फुटवे घेत गेल्यास काही रोपे विपरीत निपजतात. शिवाय मातेच्या अंगी विषाणू असेल आणि तिची तपासणी झालेली नसेल, तर तो रोग हजारो रोपांबरोबर हजारो शेतांत जातो. यासाठीच केंद्र शासनाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली.

दोषही वाढतो

हा धोका केवळ कल्पनेतील नाही. डाळिंबावरील तेल्या रोगाने २००३ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील कितीतरी बागा उद्ध्वस्त केल्या. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबांनी व छाटणीच्या हत्यारांनी पसरतो, तसाच रोगट बागेतून आणलेल्या गुटी कलमांनीही पसरतो. उसातील गवताळ वाढ आणि काणी हे रोगही बेण्यातून येतात. स्वस्तात मिळाले म्हणून कोणाच्याही बागेतील कलम आणणारा शेतकरी पुष्कळदा रोगच विकत आणीत असतो.

दुसरा धोका एकाच वाणावर सर्व भार टाकण्याचा. आयर्लंडमध्ये गरीब कुटुंबे मुख्यतः एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. १८४५ पासून त्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत उपासमारीने व साथींनी सुमारे दहा लाख माणसे मेली. ग्रो मिशेल या केळीच्या जातीवर विसाव्या शतकात मर रोग आला. जगाच्या व्यापारातून ती जात हटली आणि कॅव्हेंडिश गटातील केळी तिच्या जागी आली. आज आपण लावतो ती ग्रँड नैन त्याच गटातील आहे. उसाचा को ८६०३२ हा वाण १९९६ साली महाराष्ट्रासाठी शिफारस झाल्यापासून राज्यात फार मोठ्या क्षेत्रावर पसरला. तो वाण उत्तम आहे. परंतु उत्तम वाण एकटाच असणे उत्तम नव्हे.

पशूंची प्रतिरूपे

जनावरास डोळा किंवा फांदी नसते. त्यामुळे त्याचे प्रतिरूप करणे फार अवघड आहे. मादीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकतात, त्या जागी निवडलेल्या जनावराच्या शरीरातील पेशी जोडतात आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्याच मादीच्या गर्भाशयात वाढवितात. स्कॉटलंडमध्ये १९९६ साली डॉली ही मेंढी या रीतीने जन्मली. परंतु त्यासाठी २७७ बीजांडांवर प्रयोग झाला आणि जगले ते एकच कोकरू. कर्नाळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत जन्मलेले म्हशीचे पहिले प्रतिरूप काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जन्मलेली गरिमा दोन वर्षे जगली. २०१० साली जन्मलेल्या दुसऱ्या गरिमेला २०१३ साली नैसर्गिक रीतीने पारडू झाले. २०२३ साली त्याच संस्थेत गंगा ही गीर गाईची प्रतिरूप कालवड जन्मली.

ही शास्त्रज्ञांची मोठी कामगिरी आहे, यात संशय नाही. उत्तम वळू म्हातारा झाला किंवा मेला, तरी त्याचे गुण राखता यावेत, हा तिचा हेतू आहे. परंतु येथे वनस्पती व प्राणी यांतील भेद विसरता येत नाही. बाटलीतील शंभर तुकडे वाया गेले, तर नुकसान पैशाचे होते. गर्भ पडणे, वासरू अशक्त जन्मणे, गर्भ वाहणाऱ्या गाईचे हाल होणे, यांत वेदना आहे. दावणीच्या जनावरास घरचे माणूस मानणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा लाभ स्पष्ट असेल तेथेच, आणि जनावराचे हाल कमीत कमी होतील अशा बेतानेच, हे प्रयोग व्हावेत.

सामान्य शेतकऱ्यास त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने गोठविलेल्या रेतनाने गावोगावच्या गाईम्हशींची पैदास सुधारली. त्या मार्गाने जन्मणारे प्रत्येक वासरू आपल्या आईचाही वाटा घेऊन येते. त्यामुळे सुधारणा होते आणि विविधताही पुष्कळशी टिकते. शिवाय दूध केवळ रक्तावर अवलंबून नसते. उत्तम गाईचे प्रतिरूपही वैरणीवाचून दूध देणार नाही.

आपण काय करावे

शास्त्राने जे साधन हाती दिले, ते वापरण्याचा विवेक आपणच ठेवावयाचा आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी शेतकरी बंधूंनी कराव्यात आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या समजावून द्याव्यात.

१. उसाचे बेणे खोडव्यातून घेऊ नये. स्वतंत्र बेणेमळा राखावा आणि दर तीन-चार वर्षांनी खात्रीचे बेणे आणून ते बदलावे.

२. फळझाडांची कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. राज्यात त्यासाठी १९६९ पासून कायदा आहे. मातृवृक्ष कोठला, हे विचारावे व पावती जपून ठेवावी. ऊतिसंवर्धित रोपे घेताना प्रमाणपत्र पाहावे.

३. आपल्या बागेत रोग असेल, तर तेथील कलम शेजाऱ्यास किंवा आप्तासही देऊ नये. रोगट कलम जाणूनबुजून विकणे ही फसवणूक आहे.

४. सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नये. थोडे तरी क्षेत्र शिफारस केलेल्या दुसऱ्या वाणास द्यावे.

५. वाणांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेखाली मात्र विकता येत नाही. हा हक्क सर्वांस माहीत करून द्यावा.

६. बांधावरचा रायवळ आंबा, परसातले बियांचे डाळिंब किंवा पेरू केवळ जुना म्हणून तोडू नये. त्यात काही विशेष गुण दिसल्यास कृषि विद्यापीठास किंवा जवळच्या संशोधन केंद्रास कळवावे.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, म्हणूनच सहज विसरली जाणारी आहे. गणेशखिंडीतील ते झाड निवडले गेले, तेव्हा ते बियांपासून आलेल्या अनेक रोपांपैकी एक होते. पुढचा तसा वाण आज कोणाच्या तरी बांधावर उभा असेल. त्याची कलमे करण्याचे शास्त्र आपणापाशी आहे. ते झाड मात्र तोवर जिवंत राहिले पाहिजे.