बेस गिटारला चारच तारा का?

वाद्य वाजविणाऱ्याचे नाव आपण लक्षात ठेवतो, वाद्य घडविणाऱ्याचे ठेवीत नाही. ही सवय सगळ्या जगाचीच आहे. म्हणून एकेका वादकासाठी इलेक्ट्रिक गिटार आणि बेस गिटार हाताने घडविणाऱ्या अमेरिकेतील स्वतंत्र कारागिरांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तिकडे त्यांना 'ल्युथिअर' म्हणतात. श्रीमंत हौशी लोकांची चैन म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. पण हत्याराचे रूप कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पोटात घुमतो. इलेक्ट्रिक गिटारीला त्या पोटाची गरज नसते. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ध्वनिवर्धक तिला मोठी करतो. या जुळणीचे नाव पिकअप. तेव्हा वाद्याचे अंग भरीव फळीचे असले तरी चालते.

१९४८ साली कॅलिफोर्नियात मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकाने अशा गिटारीचे चित्र काढून पॉल बिग्स्बी या कारागिराच्या हाती दिले. ट्रॅव्हिस हा केंटकीतील कोळसाखाणीच्या मजुराचा मुलगा. खाणमजुराच्या न फिटणाऱ्या कर्जाचे 'सिक्स्टीन टन्स' हे गाणे त्याचेच. बिग्स्बीने त्याला सगळ्या खुंट्या एकाच बाजूला असलेली गिटार करून दिली. पुढे लिओ फेंडरच्या कारखान्यातून निघालेल्या गिटारींच्या खुंट्याही एकाच बाजूला होत्या. कोणी कोणाचे उचलले यावर तिकडे अजून वाद चालतो. तो त्यांनी घालावा.

फेंडर मूळचा रेडिओदुरुस्ती करणारा. त्याला गिटार वाजविता येत नसे. गिटारीची दांडी अंगाला स्क्रूंनी जोडण्याची पद्धत त्याने रूढ केली. त्यामुळे दांडी एकाने करावी, अंग दुसऱ्याने, जोडणी तिसऱ्याने, असे काम वाटता आले. वाद्य स्वस्त झाले, सामान्य घरांतील पोरांच्या हाती आले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु विचार करणारे डोके एकीकडे आणि राबणारे हात दुसरीकडे अशी फारकतही झाली. ही विभागणी आपल्या वाचकाला नवी नाही.

याच कारखान्यातून १९५१ साली 'प्रिसिजन बेस' हे वाद्य आले. त्यापूर्वी खर्जाचे सूर माणसाहून उंच अशा डबल बेसवर वाजत. तो वाहून नेणे कठीण, मोठ्या मेळात ऐकू येणे त्याहून कठीण. डबल बेसला बहुधा चार तारा असत, म्हणून या नव्या वाद्यालाही चारच. तारेची लांबी ३४ इंच ठरली आणि पुढे तेच माप जवळजवळ शास्त्र होऊन बसले.

या शास्त्राला न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सनने हात घातला. १९५२ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक. स्टुडिओत साथ करणाऱ्याने रोजगार घ्यावा आणि घरी जावे, असा तिथला रिवाज. पण ओ'जेज या गायकवृंदाच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी' या गाण्यात त्याच्या बेसची ओळ इतकी ठसठशीत आहे, की गाण्याच्या रचनाकारांत त्याचे नाव लागले. त्याचे म्हणणे सरळ होते: हे वाद्य गिटारीच्या कुळातले आहे, तर गिटारीप्रमाणे याला सहा तारा का नसाव्यात?

कारखान्याच्या दारात 'का' असे विचारता येत नाही. दुकानात 'केवढ्याला' एवढेच विचारता येते. जॅक्सन कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडे गेला आणि १९७५ साली त्याच्यासाठी सहा तारांचा बेस तयार झाला. चार-तारी बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. नव्या खालच्या तारेचे कंपन सुमारे ३१. एवढ्या खाली जाणारी तार जाड लागते, ताण कमी पडला तर आवाज ढिला, गढूळ होतो. शिवाय तारा फार जवळजवळ बसल्या होत्या. जॅक्सनचे समाधान झाले नाही. तो केन स्मिथकडे गेला, पुढे व्हिनी फोडेराकडे. फोडेराने १९८३ साली जोई लॉरिचेला याच्या साथीने ब्रुकलिनमध्ये आपले दुकान थाटले होते.

तिथे वर्षानुवर्षे दोघांचा संवाद चालला. तारांमधले अंतर वाढले, लांबी ३६ इंच झाली. सूर तोच ठेवून तार लांब केली की ताण वाढतो आणि खर्ज स्वच्छ होतो. पण लांबी बदलली की प्रत्येक पडद्याची जागा बदलते. उरलेल्या लांबीला सुमारे १७.८ने भागत एकेक जागा काढावी लागते. कारखान्याला यासाठी साचे मोडावे लागतील, कारागिराला नवा हिशेब मांडावा लागतो. मला गिटार वाजविता येत नाही. पण दुसऱ्याच्या मापाचे हत्यार हातात आले की मनगट कसे अवघडते, हे ज्यांच्या घरात हातकाम झाले त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

या स्वातंत्र्याला किंमत मोजावी लागते, हेही लपवू नये. असे वाद्य हजारो डॉलरांना पडते आणि बहुतेक वादकांना ते परवडत नाही. लाकडाचा प्रश्न वेगळाच. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये कडक बंदी आली. दांडीवरच्या पट्टीसाठी भारतीय शिसवही वापरले जाते. वाद्याच्या शिरावर घडविणाऱ्याचे नाव असते. झाड तोडणाऱ्याचे, ओंडके ओढणाऱ्याचे ते कुठेच नसते. स्वतंत्र कारागिरीचे गोडवे गाणारे इथे गप्प असतात.

पाच आणि सहा तारांचे बेस आज मोठ्या कंपन्याही सर्रास विकतात. जॅक्सनच्या फोडेरा बेसवर मात्र आवाज कमीजास्त करण्याचे एकही बटण नव्हते. पिकअपची तार सरळ बाहेर काढलेली होती; आवाज किती ठेवायचा ते तो पायाखालच्या पेडलने ठरवी.